सतरा जोड बूट आणि गावाकडे न गेलेले पैसे

पत्र

ताई, मी ३१ वर्षांचा आहे. गाव धाराशिव जिल्ह्यातलं. हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करतो, वाकडला भाड्याचा वन बीएचके आहे, भाडं २१,०००. हातात पगार ७४,००० येतो. बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. तिच्या १९,००० मध्ये किराणा, गॅस, लाइटबिल भागतं. माझे हप्ते असे: बाइक ७,८००, फोन ५,४००, पर्सनल लोन १३,२००, पे-लेटर (आत्ता घ्या, नंतर भरा) ४,१००. क्रेडिट कार्डावर १,३६,००० थकलेत, त्यातले मिनिमम ६,८०० भरतो. स्टेटमेंटवर व्याज महिना ३.५ टक्के लिहिलंय. बायकोला फक्त बाइक आणि फोन माहीत आहे.

कारण शूज. सतरा जोड आहेत. चार बॉक्समधून काढलेलेही नाहीत, ते मित्राच्या फ्लॅटवर ठेवलेत. पहिला जोड २०१७ ला पहिल्या पगारात घेतला. आमचे आजोबा वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्यायचे. मी तो जोड घालून त्याच आळीतून बसस्टँडपर्यंत चालत गेलो. आबा, म्हणजे वडील, काही बोलले नाहीत, पण सोबत आले.

आबा गवंडीकाम करायचे, आता गुडघे गेलेत. त्यांना महिन्याला १०,००० पाठवतो. गेले दोन महिने जमलं नाही. परवा त्यांचा फोन आला, ‘पगार थांबला का रं?’ मी म्हणालो, कंपनीचं पेमेंट लेट झालंय. त्याच रात्री एका ड्रॉपसाठी, म्हणजे ठरलेल्या वेळी मोजकेच जोड विक्रीला येतात त्यासाठी, कार्डाचा नंबर टाकला. साइज संपला होता. मला वाईट वाटलं ते साइज संपल्याचं. त्याचीच भीती वाटतेय.

ऑफिसातले एक सीनियर म्हणतात, मिनिमलिझम कर, साधं राहा. शूज विकून टाकू का? ही सवय आहे की आजार? आणि पायातले शूज काढले तर तिथे माझं काय उरतं, हेही कळत नाही.

उत्तर

आधी हिशेब करू, मनाचं नंतर बोलू. मनाचं आधी काढलं तर बोलता बोलता महिना उलटेल आणि कार्डाचे ६,८०० पुन्हा जातील.

तुमचे सगळे हप्ते मिळून ३७,३०० होतात. निम्म्याहून जास्त पगार तिथेच संपला. भाडं दिल्यावर हातात १५,७०० राहतात. आबांचे १०,००० पाठवले की ५,७००. एवढ्यात पेट्रोल, रिचार्ज, बाहेरचं खाणं, दवाखाना, कुणाच्या लग्नाचा आहेर. म्हणजे आबांचे पैसे बुडायला तुमच्या हातून काही मोठा गुन्हा घडावा लागला नाही. हा हिशेब असाच बसवलेला होता, एखाद्या महिन्यात बुडणारच होता.

यातला सगळ्यात वाईट आकडा कुठला? तुम्ही हप्त्यांच्या यादीत सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात सहज लिहिलेला: मिनिमम. १,३६,००० वर महिना ३.५ टक्के म्हणजे ४,७६० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ८५७ रुपये. झाले ५,६१७. तुम्ही भरता ६,८००. मूळ रकमेतून कमी झाले १,१८३. उद्यापासून एक रुपयाचीही नवी खरेदी केली नाहीत आणि वर्षभर असेच मिनिमम भरत राहिलात, तर ७७,००० च्या वर रक्कम भराल आणि कर्ज उतरेल जेमतेम साडेतेरा हजारांनी. शिवाय थकबाकी असताना कार्डावर केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. त्या रात्री साइज शिल्लक असता तर त्या बुटांना पहिल्याच मिनिटापासून वर्षाचं ४२ टक्के व्याज लागायला सुरुवात झाली असती. साइज संपला हे बरंच झालं.

म्हणून पहिलं काम हे: बँकेच्या कस्टमर केअरला फोन करून थकलेली सगळी रक्कम हप्त्यांत बदलून मागा. दर किती, प्रोसेसिंग फी किती, हे आधी विचारा. समजा वर्षाला १८ टक्के दराने २४ महिन्यांसाठी मिळालं, तर हप्ता येतो साधारण ६,८००. म्हणजे तुम्ही आज भरता तेवढाच! सुरुवातीला व्याजावरच्या जीएसटीचे साडेतीनशेच्या आसपास रुपये वर जातील, ते महिन्यागणिक कमी होतील. पैसे तेवढेच, पण दोन वर्षांनी कर्ज संपलेलं असेल. हा पर्याय बँक आपण होऊन ठळक अक्षरांत का सांगत नाही, हे तुम्ही मला विचारणार नाही इतके व्यवहारी आहात. हे झालं की कार्ड वापरायचं नाही. ॲपमध्ये साठवलेला नंबर काढून टाका, हे सांगायला नकोच.

दुसरं, बिनव्याजी हप्त्यांसाठी वापरतात त्या ‘नो-कॉस्ट’ या शब्दावर विश्वास ठेवू नका. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज नावाची गोष्ट अस्तित्वातच नसते, व्याज कुठल्यातरी फीमध्ये लपवलेलं असतं. आज दुकानदार किंवा कंपनी व्याजाइतकी सूट देते आणि बँक तेच व्याज लावते, वर त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याकडून घेते. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती, ती बहुतेक वेळा गेलेलीच असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून, क्रेडिट कार्डावरची उधारी सोडून, व्यक्तीला कुठलंही नवं हप्त्याचं कर्ज देताना एका कागदावर सगळ्या खर्चासकट वार्षिक दर लिहून देणं बंधनकारक आहे. तुमच्या पर्सनल लोनचा कागद काढा. त्यात मुदतीआधी फेडल्यास किती दंड आहे तेही बघा.

‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण मी तुम्हाला ऐकवणार नाही. आता गादीही हप्त्यावर मिळते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला विनातारण ग्राहककर्जांसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावावं लागलं, कारण ही कर्जं फारच भराभर वाटली जात होती. म्हणजे हे तुमच्या एकट्याच्या स्वभावातली खोट नाही. जुनी पिढी काटकसरी होती असं सांगतात, तेही मला अर्धंच खरं वाटतं. त्यांना चेतक स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. माल नव्हता आणि उधार देणारंही कुणी नव्हतं. मोह होताच की.

आता तुमचे सीनियर. त्यांचा हेतू चांगला असेल. पण साधेपणाचा उपदेश कुणाला किती किमतीत पडतो, याचा विचार त्यांनी केलेला नाही. माझ्या आजोबांना कुणी चपला हातात घ्यायला लावल्या नाहीत. ते फाटका सदरा घालून गावभर फिरले तरी लोक उठून उभे राहत. ‘साधी राहणी’ त्यांना शोभली, कारण त्यांचं आडनाव त्यांच्या आधी पोचलेलं असायचं. ज्या माणसाला कपड्यावरून, दागिन्यावरून, पायातल्या वहाणेवरून त्याची जागा दाखवली गेली, त्याला ‘वस्तूंत काय ठेवलंय’ असं म्हणणं सोपं नाही, आणि ते त्याला तोंडावर सांगण्याचा मला तरी अधिकार नाही. तुमच्या सीनियरच्या एकरंगी टी-शर्टची किंमत एकदा विचारून बघा. मिनिमलिझमचंही दुकान असतं.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांशी वेगळं भाषण केलं. लुगडं नेसण्याची तुमची पद्धत हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती मोडा, असं त्यांनी सांगितलं. गळ्यातले आणि कोपरापर्यंतचे ते जडशीळ दागिने म्हणजेही तुम्हाला ओळखायची खूणच, तेही उतरवा. हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, तरी मुद्दाम लिहिते, कारण त्यात एक गोष्ट आहे. लुगडं तेच राहिलं, फक्त नेसणं बदललं. दागिने तर कमी झाले. नवं लुगडं घ्यायला कुणाला दुकानात जावं लागलं नाही. वस्तूची ताकद त्यांना पक्की माहीत होती, आणि वस्तू विकत घेण्याशी त्यांनी ती बांधून ठेवली नाही.

तुमचा २०१७ चा पहिला जोड त्याच रांगेतला आहे. तो जोड घालून तुम्ही वरच्या आळीतून बसस्टँडपर्यंत गेलात आणि आबा सोबत आले. मला विचाराल तर त्या बुटांनी त्यांची किंमत त्याच दिवशी वसूल केली. त्या आळीत प्रश्न एवढाच होता: हा इथून पायताण घालून चालणार का? तुम्ही चाललात. प्रश्न संपला, आणि तो पुन्हा विचारायची हिंमत आता तिथे कुणाची होणार नाही.

ऑफिसातला प्रश्न निराळा आहे. तिथे कुणी ‘घातलेस का?’ विचारत नाही, ‘कुठले घातलेस?’ विचारतात. आणि या प्रश्नाचं बरोबर उत्तर विकणाराच ठरवतो, दर हंगामाला नवं. गेल्या वर्षीचं उत्तर यंदा चुकीचं असतं. दुसरा जोड, पाचवा, अकरावा, सतरावा घेऊन तुम्ही या प्रश्नाला उत्तर देत राहिलात, पण मनात मात्र तुम्हाला वाटत होतं की आपण अजून पहिल्याच प्रश्नाला उत्तर देतोय. ही गल्लत तुमचे पैसे खातेय. वरच्या आळीसाठी एक जोड पुरला. ऑफिसच्या मजल्यासाठी सतरा पुरत नाहीत, सत्तरही पुरणार नाहीत.

हा बाजार ही गल्लत ओळखून आहे. १९८५ मध्ये बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या नावाचा जोड आला, तेव्हापासून स्नीकर हे पायात घालायचं साधन कमी आणि सांगायची गोष्ट जास्त झाले. अमेरिकेतल्या शहरांमधल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतली पोरं त्याची सुरुवातीची चाहती. ज्यांच्याकडे रस्त्यावर तुच्छतेने पाहिलं जातं, त्यांच्या पायाकडे कौतुकाने पाहिलं जाईल, हे त्या बुटांनी विकलं. ती पोरं आणि तुमचे आजोबा यांच्यात हजारो मैल आहेत, पण तुम्ही ते बूट का घेता हे मला तिथून जास्त चांगलं समजतं.

आणि आपल्याकडची चप्पल? कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांसाठी. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब तशीच वहाण दाखवली, कोल्हापूरचं नावही न घेता. गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचं मान्य केलं. किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. इथे ती चप्पल शतकानुशतकं ज्यांनी बनवली, त्यांच्याच माणसांना ती गावात हातात घ्यावी लागायची. कातडं तेच, घडण तीच. वाढली ती नावाची किंमत, आणि ते नाव बनवणाऱ्याचं नव्हतं. तुमच्या सतरा जोडांच्या पावत्या पुढे ठेवा आणि स्वतःला विचारा, यातले किती रुपये पायासाठी गेले आणि किती नावासाठी. मी नैतिक प्रश्न विचारत नाहीये. आकडा काढायला सांगतेय.

ड्रॉपबद्दल थोडं. कंपनीला जास्त बूट बनवता येत नाहीत असं थोडंच आहे! कमी काढायचे, वेळ ठरवायची, रांग लावायची, आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी दुप्पट भावाने दुसऱ्याकडून घ्यायचे. तुटवडा हाच माल आहे. खोटंच ‘फक्त २ शिल्लक’, खोटंच उलटं धावणारं घड्याळ, ‘नको, मला सूट नको’ असं लाजवणारं बटण, या युक्त्यांना ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आहे. असे तेरा प्रकार त्यात दिलेत, खोटी घाई त्यातला पहिला. खोटा आकडा दिसला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि करावी. पण ड्रॉपमधला कमी माल खराच कमी असतो, त्यामुळे तिथे कायदा तुम्हाला वाचवणार नाही. ड्रॉपच्या बातम्या देणाऱ्या बूटशौकिनांच्या एखाद्या ग्रुपमध्ये तुम्ही असालच, तो तुम्हाला सोडावा लागेल. बूट जमवणाऱ्या मंडळींच्या ग्रुपमध्ये राहून बूट न घेणं हे नुसत्या मनाच्या जोरावर जमेल असं मला वाटत नाही. मित्र तुटतील असं वाटत असेल तर त्यातल्या दोघांना नुसता फोन करा, चहाला बोलवा. बुटांशिवाय बोलायला काही निघतं का, ते कळेल.

आता ती रात्र. पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच आहे. आबांचा फोन ठेवला आणि काही तासांत कार्डाचा नंबर टाकला. तुम्ही त्याला बेजबाबदारपणा म्हणाल. मला त्यात वेगळं दिसतं. बापाशी खोटं बोलल्यावर जी शरम आली, ती सहन होईना. आणि शरम घालवायचा एकच उपाय तुम्हाला आजवर लागू पडलेला आहे: नवा जोड. २०१७ ला तो लागू पडला होता ना! तेव्हापासून दर वेळी मनाला लागलं की हात तिकडे जातो. मीटिंगमध्ये कुणी इंग्रजीवरून टोकलं, कुणी गाव विचारता विचारता आडनावाची चौकशी केली, अप्रेझल हुकलं. खात्री आहे की सतरा पावत्यांच्या तारखा आणि अशा प्रसंगांच्या तारखा तुम्ही शेजारी शेजारी लिहिल्यात, तर बऱ्याच जुळतील. एका संध्याकाळी बसून हे कराच. मला कळवायची गरज नाही.

आजार आहे का, हे पत्रावरून मी सांगू शकत नाही, आणि सांगणाऱ्यावर विश्वासही ठेवू नका. पण खूण सांगते. विकत घेण्याआधी जीव वरखाली होणं, घेतल्यावर सुटका, मग पस्तावा, मग लपवाछपवी. बॉक्स मित्राच्या फ्लॅटवर जायला लागले तेव्हाच तुम्ही त्या वाटेवर बरेच पुढे गेला होतात. ॲप काढून, ग्रुप सोडूनही दोनेक महिन्यांनी तेच चालू राहिलं, तर समुपदेशकाकडे जा. वर्तनावर काम करणारी मानसोपचाराची पद्धत या सवयीवर वापरली जाते. केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ऑफिसात कळणार नाही.

शूज विकू का, विचारलंत. बॉक्समधले चार विका, याच महिन्यात. एक तर त्यांना अजून बाजार आहे. दुसरं म्हणजे ते तिथे पडून सांभाळले जात नाहीयेत, मरतायत. बऱ्याच स्नीकरच्या तळात पॉलियुरेथेन असतं. आपल्याकडच्या दमट हवेत ते न वापरताही आतून विरतं, आणि काही वर्षांनी पहिल्यांदा घातलं की तुकडे पडतात. वापरात असलेला जोड उलट जास्त टिकतो. पावत्या आणि बॉक्स सोबत ठेवा, चारही एकालाच देऊन टाकायची घाई करू नका, आणि घेतलेल्या भावाने जाईल ही आशा सोडा. एखादा जास्तही देऊन जाईल. तो आनंद झाला तर सावध व्हा, कारण तिथून ‘आपण धंदाच करू या की’ असा विचार सुरू होतो आणि अठरावा जोड ‘गुंतवणूक’ म्हणून येतो. आलेल्या पैशांतून पे-लेटर पूर्ण बंद करा, नुसतं फेडू नका, खातं बंद करा. ४,१०० मोकळे होतील.

उरलेले तेरा ठेवा. सगळं एका रात्रीत विकून टाकायचा विचार मला आवडत नाही. तशी माणसं तीन महिन्यांनी दुप्पट घेतात. घाला, घासून टाका, पावसात वापरा. झिजले की मोची गाठा. तळ चिकटवून देणारे अजून आहेत. पहिला जोड तर विकायचा प्रश्नच येत नाही.

बाइक लागते, तिचा हप्ता चालू ठेवा. फोनचे हप्ते संपेपर्यंत एक्स्चेंजच्या ऑफरकडे बघू नका. एखादा हप्ता हुकला आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले तर घाबरून दुसऱ्या ॲपचं कर्ज घेऊ नका. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना फोन करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ‘थोडे भरा, सेटल करून टाकू’ असं कुणी म्हणालं तर तेही टाळा. क्रेडिट रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तोच आडवा येतो. तुमच्यावर अजून ती वेळ आलेली नाही.

बायकोचं सोनं गहाण ठेवून कार्ड फेडावं, हा विचार तुमच्या मनात येऊन गेला असेलच. आकड्यांत तो चुकीचा नाही. सोनेतारण ४२ टक्क्यांच्या मानाने फारच स्वस्त पडतं. पण तो विचार तुम्ही मांडायचा नाही. सगळं कळल्यावर तिने आपण होऊन म्हटलं, तर दोघांनी मिळून ठरवा. तिने नाही म्हटलं तर तो विषय तिथेच संपला.

‘तिथे माझं काय उरतं’ या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. काही लोकांसाठी काहीच उरणार नाही. बूट बघूनच तुमच्याशी बोलणारे बूट नसले की बोलणार नाहीत, आणि आडनाव बघून हिशेब मांडणारे तुम्ही सोन्याचे बूट घातलेत तरी तो हिशेब मांडतील. बुटांनी ही दुसरी मंडळी बदलतील असं तुम्हाला वाटत होतं, ते होणार नाही. त्यांच्याशी झगडायचं असेल तर त्याच्या वाटा निराळ्या आहेत, आणि त्यात तुमच्यासारखी, तुमच्या कंपनीतली, बाजूच्या कंपनीतली पोरं तुम्हाला भेटतील. बहुतेक त्यांच्या पायातही असेच बूट असतील. त्यांच्याशी बोला. उरलेल्या लोकांसाठी तुम्ही तो टेस्टर आहात ज्याने पकडलेला बग ग्राहकाकडे जाण्याआधी थांबतो. ते तुमच्या बुटांचा ब्रँड आत्ता सांगू शकणार नाहीत, विचारून बघा.

आबांना या रविवारच्या आत फोन करा. सगळे आकडे सांगायची गरज नाही. पगार वेळेवर झाला होता, पैसे माझ्याच हातून खर्च झाले, एवढं सांगा. ज्या माणसाने आयुष्यभर मजुरी मोजून घेतली आहे, त्याला हिशेब समजतो. तुम्ही पैसे उडवले याच्यापेक्षा तुमची नोकरी गेली असेल, ही काळजी त्यांना आत्ता जास्त पोखरत असेल. पे-लेटर बंद होईपर्यंत ६,००० पाठवा, पण पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप जातील अशी बँकेत सोय करा. मग पुन्हा १०,०००.

त्याआधी बायकोला सांगा. ‘थोडं कर्ज झालंय’ असं मोघम सांगाल तर रोज एकेक आकडा उघडा पडेल, आणि प्रत्येक वेळी भांडण नव्याने होईल. एका कागदावर सगळं लिहा: कुणाचे किती, व्याज काय, कधी संपणार, तुम्ही काय विकणार. तिच्या १९,००० वर घर चाललंय आणि तिला माहीत नाही की का. ती चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. वरची आळी, महाड, जॉर्डन यातलं काहीही त्या दिवशी तिला सांगू नका, ते नंतर कधीतरी ती विचारेल तेव्हा. त्या दिवशी फक्त कागद. आणि बसायच्या आधी ते चार बॉक्स मित्राकडून घरी आणून ठेवा, म्हणजे विकायला कुठून काढले हा प्रश्न पुढच्या आठवड्यात नव्याने यायला नको.